युरोपात रेल्वेने जाताना मधे कुठे उतरावं? चार-पाच तासांच्या थांब्यासाठी गावं सुचवा

निळीशाई

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आम्ही चौघं निघतोय. आई ६८ वर्षांची, बाबा ७३, नवरा आणि मी. ॲमस्टरडॅमला उतरायचं आणि रोमहून परतायचं. मोठे मुक्काम ठरलेत: ॲमस्टरडॅम ३ रात्री, लुत्सर्न ४, व्हेनिस २, फ्लॉरेन्स ३, रोम ३. मधला सगळा प्रवास रेल्वेचा, ही बाबांची अट. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. "इतक्या लांब जाऊन रूळ बघायचे नाहीत तर काय बघायचं," असं ते म्हणतात आणि मला ते मनापासून पटतं.

प्रश्न मधल्या लांब पल्ल्यांचा आहे. ॲमस्टरडॅम ते लुत्सर्न आठ तासांच्या पुढे जातं. लुत्सर्न ते व्हेनिसही दिवस खाऊन टाकतं. आईचे गुडघे दोन-अडीच तासांनी आखडतात, म्हणून मधे एखाद्या गावात उतरावं, पाय मोकळे करावेत, नीट बसून जेवावं आणि पुढची गाडी धरावी असं मनात आहे. कुठे चार-पाच तास, कुठे फार तर एक रात्र. दोन रात्री तेवढ्यासाठी हाताशी ठेवल्यात.

गाव निवडताना मी मागच्या खेपेला चूक केली होती. फोटो बघून भुलले आणि उतरले. स्टेशन खाली सपाटीला, गाव वर टेकडीवर, बस तासाला एक आणि ती नुकतीच गेलेली. पाच तासांच्या थांब्यात गावात जेमतेम दोन तास मिळाले, त्यातही अर्धं लक्ष घड्याळाकडे. त्या गावाचा त्यात काहीही दोष नाही. तिथे दोन दिवस राहायला हवं होतं.

म्हणून यावेळी नकाशा उघडला की आधी स्टेशन बघते, गाव नंतर. फलाटापासून जुन्या चौकापर्यंत आईच्या चालीने किती मिनिटं? मधे चढ आहे का, दगडी फरशी आहे का? सामान ठेवायला लॉकर आहेत का? पुढची गाडी चुकली तर त्यानंतरची किती वेळाने? आणि सगळ्यात शेवटी, त्या गावात अशी एक गोष्ट आहे का जिच्यासाठी उतरावंसं वाटेल? एकच. यादी नको.

तुम्ही स्वतः उतरलेली गावं सांगा. बसचा आणि सहल कंपनीचा अनुभव वेगळा असतो, तो इथे नको.

राइनकाठ

आठ वर्षं जर्मनीत आहे आणि दर पाहुण्याला घेऊन हेच करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पहिल्या टप्प्याला कलोन. डोळे मिटून. ॲमस्टरडॅमहून थेट आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान गाडी, आहे, पावणेतीन तासांच्या आतबाहेर. स्टेशनच्या मुख्य दारातून बाहेर आलात की समोर थेट कॅथेड्रलच. चालायचं अंतर मोजण्यात अर्थ नाही इतकं जवळ. शिखरं १५७ मीटर उंच, त्यामुळे मान मागे टाकूनही एका नजरेत मावत नाहीत. १२४८ मध्ये काम सुरू झालं, मधली काही शतकं ते तसंच अर्धवट पडून होतं आणि १८८० मध्ये पुरं झालं.

तुमची 'एकच गोष्ट' विचाराल तर मी शिखर सांगणार नाही. वर जायला ५३३ पायऱ्या आहेत, आईंना नकोच. दक्षिणेच्या बाजूची मोठी खिडकी बघा. गेरहार्ड रिख्टर या चित्रकाराने केलेली, २००७ मध्ये बसवलेली. संतांची चित्रं वगैरे काही नाही, फक्त रंगीत काचेचे चौकोन, ११,२६३ चौकोन आणि ७२ रंग. दुपारी ऊन असेल तर ते रंग आतल्या राखाडी खांबांवर आणि फरशीवर येऊन पडतात आणि ऊन सरकेल तसे सरकत जातात. माझी आई एका खांबावरचा हिरवा ठिपका बघत पाऊण तास बाकावर बसली होती. घरी आल्यावर तिने युरोपातलं सगळ्यात आधी काय सांगितलं असेल तर ते.

सामान: कलोनच्या स्टेशनात यांत्रिक लॉकर आहेत. नेहमीच्या कपाटांसारखे नाहीत. एक धातूचं झाकण वर सरकतं, आत बॅगा ठेवायच्या, पैसे भरायचे, झाकण बंद होतं आणि बॅगा फलाटांखालच्या गोदामात निघून जातात. हातात फक्त एक कार्ड उरतं. परत येऊन ते यंत्रात घातलं की त्याच बॅगा खालून वर येतात. मोठ्या माणसांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर झाकण बंद झाल्यावर त्यांच्या काळजात धस्स होतं. कार्ड मात्र एकाच्याच खिशात ठेवायचं आणि तो खिसा सगळ्यांना माहीत हवा.

वेळ उरला तर कॅथेड्रलच्या मागे दोन मिनिटांवर होहेनझोलर्न पूल. रुळांच्या बाजूने चालायची वाट आहे, जाळीला हजारो कुलपं लावलेली आणि हाताच्या अंतरावरून गाड्या जातात. तुमचे बाबा तिथून हलायचे नाहीत.

निळीशाई

खांबावरचा हिरवा ठिपका! राइनकाठ, कलोन पक्कं. बाबांना पुलाचं वाचून दाखवलं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "रूळ किती आहेत?"

राइनकाठ

सहा. दिवसभर एकामागून एक गाड्या.

भटकंती_३६५

कलोनला +१. पण कलोनहून पुढे आयसीईने गेलात तर एक मोठी गोष्ट हातची जाईल. कलोन-फ्रँकफर्ट हा वेगवान मार्ग २००२ पासून आहे आणि तो डोंगरांतून, बोगद्यांतून जातो. नदी दिसत नाही. जुना मार्ग राइनच्या डाव्या काठाने जातो, कोब्लेन्झ, बोप्पार्ड, सांक्ट गोआर, बाखाराख, बिंगेन असा. कोब्लेन्झ ते बिंगेन हा ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ मध्येच जागतिक वारसा यादीत गेला. दर वळणाला एक किल्ला, खाली द्राक्षांचे मळे, मधे लोरेलायचा कडा. काउबपाशी तर नदीच्या मधोमध बेटावर जकातीचा किल्ला उभा आहे. दक्षिणेकडे जाताना डाव्या खिडकीत बसा.

या पट्ट्यात उतरायचं तर बाखाराख. छोटं, तटबंदीचं, लाकडी चौकटींची घरं. स्टेशन गावातच, रूळ ओलांडले की तट सुरू. आम्ही दोन वर्षांपूर्वी तिथे एक रात्र राहिलो. संध्याकाळी बोटींचे लोक निघून गेले आणि गाव अगदी गप्प झालं. मालगाड्या मात्र रात्रभर दोन्ही काठांनी धडधडतात. झोप सावध असेल तर कानात बोळे हवेत.

दुपारचा_चहा

निळीशाई, थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. वय सत्तरीच्या आसपास, आणि असे चार-चार तासांचे थांबे मी आणि माझ्या पत्नीने बरेच करून पाहिलेत.

वयस्कर माणसाला थकवतात ते तास नसतात, चढउतार थकवतात. गाडीतून उतरा, बॅगा ओढा, लॉकर शोधा, सुट्टी नाणी शोधा, शौचालय शोधा, परत या, फलाट बदललेला असतो, पुन्हा चढा. चार तासांच्या थांब्यात हे सगळं एकदा होतं. दिवसातून दोन थांबे घेतले तर दोनदा. तेव्हा दिवसाला एकच थांबा घ्या. आणि ज्या गावाला रात्र काढणार आहात तिथे उजेडात पोचा. अंधारात, पावसात, अनोळखी गावात हॉटेल शोधताना जो जीव मेटाकुटीला येतो, त्यात दिवसभराची मजा विरून जाते.

म्हणून कलोन आणि बाखाराख एकाच दिवशी करू नका. दोन्ही सुंदर आहेत. एक निवडा.

पुढची रात्र मी फ्रायबुर्गला काढायला सांगेन. बाझेलच्या अलीकडे, मुख्य मार्गावरच. कलोनहून आयसीईने तीन-सव्वातीन तास. फलाटांच्या वरून पूल जातो, त्यावर ट्रामचा थांबा आहे आणि फलाटावरून वर जायला लिफ्ट आहे. चालत गेलात तरी म्युन्स्टर, म्हणजे तिथलं कॅथेड्रल, बारा-पंधरा मिनिटांवर, सगळं सपाट. रस्त्यांच्या कडेने वीतभर-हातभर रुंदीचे पाण्याचे पाट वाहतात, त्यांना बेश्ले म्हणतात. लहान मुलं दोरीला बांधलेल्या लाकडी होड्या त्यात सोडतात. आमची ही पाटाच्या कडेला बसली, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. कोणी काही म्हटलं नाही. तिथे म्हणतात की चुकून पाटात पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं. हिने मला विचारलं, "मुद्दाम घातला तर?"

सकाळी म्युन्स्टरभोवतीच्या चौकात बाजार भरतो. रविवार सोडून रोज, दुपारपर्यंत. एका अंगाला शेतकरी आपला माल घेऊन बसतात: भाज्या, फुलं, मध, चीज, गावठी पाव. नोव्हेंबर १९४४ च्या बाँबहल्ल्यात आजूबाजूचं बहुतेक जुनं गाव पडलं, म्युन्स्टर आणि त्याचा ११६ मीटरचा मनोरा उभा राहिला. आता चौकात उभं राहिल्यावर ते कळतही नाही.

खमंगकाकडी

चहाकाका, अगदी बरोबर. सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा हेच झालं. मला दोन थांब्यांचा हव्यास होता, दुसऱ्या गावात त्या स्टेशनातल्या बाकावरच बसून राहिल्या. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

फ्रायबुर्गच्या बाजाराबद्दल अजून: तिथे सगळीकडे लांब तांबड्या सॉसेजचा वास असतो, शाकाहारी असाल तर फळं आणि चीज-पाव घ्या. आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवूनच वार ठरवा. रविवारी दूध-पाव हवा असेल तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी मिळतात.

दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या. गाडीत बसून घरचा घास खाल्ला की मोठ्या माणसांना हुशारी येते, हा माझा पक्का अनुभव.

गारवा

तिकिटांचं कसं करणार? पास की सुटी?

राइनकाठ

पासचा मोठा फायदा थांब्यांसाठीच. भारतातून येणाऱ्यांसाठी युरेल, इथे राहणाऱ्यांसाठी इंटररेल. ठरावीक प्रवासदिवसांचा पास घेतला तर त्या एका दिवसात हव्या तेवढ्या गाड्या बदला, हवं तिथे उतरा. ६० वर्षांवरच्यांना युरेलमध्ये १० टक्के सूट आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही, तिथे पास खरा मोकळा वाटतो. फ्रान्सची टीजीव्ही आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना मात्र पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे. तुमचा अर्धा प्रवास इटलीत आहे. तेव्हा दोन्ही हिशेब मांडून बघा. इटलीत आधी काढलेली सुटी तिकिटं बऱ्याचदा स्वस्त पडतात.

सुटं तिकीट घेणार असाल तर जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये शोधतानाच 'मधला थांबा' घालता येतो. कलोन लिहा, समोर किती तास थांबायचं ते लिहा. मग स्वस्तातलं तिकीटही त्या थांब्यासकट एकच निघतं. लोक हे न करता दोन वेगळी तिकिटं काढतात. मग पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली की नुकसान आपलं. एकच तिकीट असेल आणि शेवटच्या ठिकाणी पोचायला २० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर ठरावीक गाडीचीच अट सुटते, पुढच्या कुठल्याही गाडीने जाता येतं. तासाभराच्या पुढे उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के परत मिळतात, दोन तासांच्या पुढे ५० टक्के.

आणि उशीर होतो. २०२४ मध्ये जर्मनीत लांब पल्ल्याच्या ६२.५ टक्केच गाड्या वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. म्हणून जर्मनीतला थांबा मोठा ठेवायचा. चार तास धरलेत आणि तीन मिळाले तरी चालतं. दीड तास धरला तर काहीच उरत नाही. लुत्सर्नला पोचायच्या दिवशी संध्याकाळचं बोटीचं वगैरे काही काढून ठेवू नका.

मोरपीस

व्हिसाच्या अर्जात हे मधले थांबे दाखवायचे का? की नुसते मोठे मुक्काम?

निळीशाई

मोरपीस, आमच्या अर्जाचं काम सध्या चालू आहे म्हणून सांगते. जिथे रात्र काढणार ते सगळं दाखवायचं, हॉटेलच्या नोंदणीसकट. नुसतं चार तास उतरणार असाल तर ते प्रवासाच्या आराखड्यात एका ओळीत लिहिते आहे. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे सगळ्यात जास्त मुक्काम कुठे त्यावर ठरतं. आमच्या बहुतेक रात्री इटलीत म्हणून इटली. मुक्काम सारखेच असते तर जिथे पहिल्यांदा उतरणार तो देश.

पासपोर्ट मात्र थांब्याच्या वेळी लॉकरमधल्या बॅगेत ठेवू नका. अंगावर हवा. सीमेवरच्या गाड्यांत पोलीस चढून बघतात.

आता दुसरा टप्पा. लुत्सर्न ते व्हेनिस.

घाटरस्ता

मी इतका वेळ याचीच वाट बघत होतो.

बाबा परळ वर्कशॉपचे म्हणालात, मग बर्निना सोडून दुसरं काही सुचवणं मला जमणार नाही. लुत्सर्नहून कूरला जा, कूरहून रेशियन रेल्वेच्या तांबड्या गाडीने इटलीतल्या तिरानोला. मीटरगेज. ५५ बोगदे, १९६ पूल. २००८ पासून हा मार्ग जागतिक वारसा आहे. आणि आता बाबांसाठी: ऑस्पिझिओ बर्निना स्टेशन २,२५३ मीटरवर, तिरानो ४२९ मीटरवर. मधे दात्यांचा रूळ, म्हणजे चढावर इंजिनाचं दातेरी चाक अडकवायला टाकतात तो, नाही. साध्या रुळावरून, साध्या चाकांनी गाडी उतरते. चढ हजाराला सत्तर, म्हणजे १४ मीटरला १ मीटर. आपला बोरघाट ३७ ला १ आणि तिथे कर्जतला मागून इंजिनं जोडतात. माथेरानची गाडी २० ला १.

तिरानोच्या थोडं अलीकडे ब्रूझिओला उतार इतका आहे की सरळ रूळ टाकायला जागाच नव्हती. म्हणून १९०८ मध्ये नऊ कमानींचा गोल पूल बांधला. गाडी गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जाते. खिडकीतून आपल्याच गाडीचे डबे वर-खाली दिसतात.

बर्निना एक्सप्रेस नावाच्या काचेच्या छताच्या गाडीला आरक्षण लागतं. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात, त्यांना आरक्षण नाही आणि बऱ्याच डब्यांत खिडक्या उघडतात. बाबांना चाकांचा आवाज ऐकायचा असेल तर साधी गाडी. काचेच्या डब्यात तो ऐकू येत नाही.

दुपारचा_चहा

घाटरस्ता, मार्ग अप्रतिमच. पण लुत्सर्न-कूर दोन-सव्वादोन तास, कूर-तिरानो चार तासांच्या पुढे, तिरानो-मिलान अडीच, मिलान-व्हेनिस पुन्हा अडीच. हे एका दिवसात नको. यांच्याकडे एक रात्र शिल्लक आहे, ती तिरानोला खर्च करावी.

खमंगकाकडी

तिरानोला राहाच! उतरल्यावर एक छोटा चौक लागतो. त्याच्या एका बाजूला स्विस स्टेशन, दुसऱ्या बाजूला इटलीचं. बॅगा ओढायचं अंतर शंभर पावलं. आणि शाकाहारी लोकांसाठी हे गाव म्हणजे विसावा आहे. या वाल्तेल्लिना खोऱ्याचा खास पदार्थ पित्सोक्केरी. कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या पिठाच्या काळसर पट्ट्या, त्यात बटाटा, कोबी, भरपूर लोणी, लसूण आणि तिथलं चीज. ताटात येतो तेव्हा चीजच्या तारा चमच्याबरोबर वर येतात आणि लोण्यात परतलेल्या लसणाचा वास आपल्या फोडणीची आठवण करून देतो. आठवडाभर पाव-चीज खाऊन कंटाळलेल्या सासूबाईंनी पूर्ण ताट संपवलं. चीज बनवताना घालतात त्या प्राणिजन्य विरजणाचं, म्हणजे रेनेटचं, तुमच्याकडे पाळत असाल तर आधी विचारून घ्या.

गाडी गावात शिरताना थेट रस्त्यावरून, चर्चच्या समोरच्या चौकातून जाते, मोटारी थांबून वाट देतात. संध्याकाळी तिथे बाकावर बसून ती जाताना बघा.

भटकंती_३६५

बर्निनाला पर्यायही सांगून ठेवतो, हवा खराब निघाली तर उपयोगी पडेल. ढग खाली आले की वर काहीच दिसत नाही. अशा वेळी लुत्सर्नहून गोथार्डमार्गे मिलान, आणि मधे बेल्लिन्झोना. स्टेशनहून जुनं गाव दहा मिनिटं. तीन किल्ले, २००० पासून जागतिक वारसा, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या कास्तेलग्रांदेला खालच्या चौकातून खडकाच्या पोटातून लिफ्ट जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किल्ल्याच्या माथ्यावर उभं राहता येतं, असं कुठे सहसा मिळत नाही. शनिवारी सकाळी गावात बाजार असतो.

गारवा

तिरानो-मिलान वाटेवर कोमो सरोवराकाठी वारेन्ना आहे, तिथे उतरता येईल का? फार ऐकलंय.

भटकंती_३६५

गाव फार देखणं. पण स्टेशन लहान, सामान ठेवायची सोय धरून चालू नका, आणि सरोवराकडे उतार. चार मोठ्या बॅगा आणि आई-बाबा घेऊन मी नाही उतरणार. त्याऐवजी तिरानोहून निघताना उजव्या खिडकीत बसा, सरोवर बराच वेळ सोबत येतं.

त्यापेक्षा मिलान-व्हेनिस वाटेवर वेरोना सोपं. फक्त वेरोनाचं स्टेशन रोमन रंगमंडलापासून वीस मिनिटं आहे, आईंसाठी बस किंवा टॅक्सी धरा.

निळीशाई

वेरोना यावेळी सोडते. चहाकाकांचं 'दिवसाला एकच थांबा' मी भिंतीवर लावलंय, आणि तिरानोहून निघालेल्या दिवशी मिलानला गाडी बदलायची आहेच.

घाटरस्ता, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. 'दात्यांचा रूळ नाही' इथे त्यांनी थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग कागद घेऊन त्यांनी मला ब्रेकचा हिशेब समजावला. काचेची गाडी रद्द, साधी गाडी ठरली. हे असं काही मिळेल म्हणूनच इथे विचारलं होतं.

फ्लॉरेन्स ते रोम वेगवान गाडीने दीड तासच आहे, तिथे थांबायची गरज नाही ना?

मोरपीस

गरज नाही, पण ओर्व्हिएतो बघितलं नाही तर हळहळाल. त्यासाठी वेगवान गाडी सोडून जुन्या मार्गाची गाडी घ्यायची. फ्लॉरेन्सहून दोन-सव्वादोन तास, पुढे रोम सव्वा-दीड तास.

तुम्ही सुरुवातीला लिहिलंत तसं, स्टेशन खाली आणि गाव वर, तसंच हे दिसतं. पण इथे स्टेशनसमोरच्या रस्त्यापलीकडे फ्युनिक्युलर आहे, दोरावर ओढली जाणारी छोटी गाडी. काही मिनिटांत कड्याच्या माथ्यावर. तिथून कॅथेड्रलकडे बस. कॅथेड्रलचा दर्शनी भाग सोनेरी मोझेकचा, दुपारच्या उन्हात झळाळतो.

आणि फ्युनिक्युलरच्या वरच्या थांब्याजवळच सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७ मध्ये रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला होता. वेढा पडला तर गावाला पाणी हवं, म्हणून ही खोदवली. पन्नासेक मीटर खोल. आत दोन गोल जिने एकमेकांना न भेटता फिरतात, दर जिन्याला २४८ पायऱ्या. पाणी आणायला खेचरं एका जिन्याने खाली जायची आणि दुसऱ्याने वर यायची, वाटेत समोरासमोर येत नसत. भिंतीला खिडक्या आहेत, त्यातून मधल्या पोकळीत उजेड पडतो आणि पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात. साताऱ्याजवळची लिंबची बारामोटेची विहीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथे उतरताना फार ओळखीचं वाटेल.

सामानाची सोय मात्र आधी नक्की करा. इटलीत सामान सांभाळणारी खोली फक्त मोठ्या स्टेशनांवर खात्रीने मिळते. आम्ही बॅगा आधी रोमला पोचवल्या आणि ओर्व्हिएतोला रोमहून दिवसभरासाठी गेलो. ते फार सुटसुटीत झालं.

राइनकाठ

हा उपाय उत्तम आहे. आईंनाही सकाळी ताजं वाटेल.

एक राहिलं: व्हेनिसला जाताना पाटीवर व्हेनेझिया मेस्त्रे आलं की उतरू नका. ते मुख्य भूमीवर आहे. शेवटचं स्टेशन सांता लुचिया, पूल ओलांडून दहा-बारा मिनिटं पुढे. माझे काका-काकू मेस्त्रेला उतरून कालवे शोधत होते. सांता लुचियाच्या पायऱ्या उतरलात की समोर पाणीच.

निळीशाई

आज रात्री बसून हे नक्की केलं:

ॲमस्टरडॅमहून सकाळची गाडी, कलोनला चार तास, ऊन असेल तर ती खिडकी, नाहीतर नुसता पूल. संध्याकाळी उजेडात फ्रायबुर्ग, एक रात्र. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे बाजार आहे. दुपारी बाझेलमार्गे लुत्सर्न. चार दिवसांनी कूर, बर्निना, तिरानोला एक रात्र. हवा वाईट असेल तर बेल्लिन्झोना, म्हणून तिरानोचं हॉटेल आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल असंच घेतेय. ओर्व्हिएतो रोमहून, बॅगांशिवाय. बाखाराख मनात राहिलं, ते पुढच्या वेळी फक्त आम्ही दोघं असताना.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, फ्रायबुर्गच्या त्या पाटात सप्टेंबरात पाणी असतं ना?

दुपारचा_चहा

असतं. आम्ही सप्टेंबरातच गेलो होतो. गार असतं, टॉवेल जवळ ठेवायला सांगा.